उठायच्या आधी आवळायचं

प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी, ऑपरेशननं काढल्यापासून माझी लघवी गळते. आज दुपारी मात्र शिंक आली आणि कोरडा राहिलो. शिंक येतेय असं जाणवलं, त्याच क्षणी खालचे स्नायू आवळले, मग शिंकलो. फिजिओथेरपिस्ट बाई कधीपासून हेच सांगत होत्या: खोकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी, वजन उचलण्याआधी आवळा. गळायला लागल्यावर आवळून उपयोग नाही. आज ते शरीरानं आपणहून केलं. फार बरं वाटलं.

प्रोस्टेट काढताना मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या आतल्या स्नायूचा आधार बराचसा जातो. मग लघवी धरून ठेवायचा सगळा भार खालच्या वर्तुळाकार स्नायूवर आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. आयुष्यभर ज्यांची दखलही घेतली नाही, त्यांना आता एकेक करून शिकवायचं.

आधी तो स्नायू नेमका सापडायला हवा. वारा रोखताना जे आत ओढलं जातं, तेच. आरशासमोर उभं राहून बघितलं की कळतं: नीट आवळलं तर लिंग मुळाशी किंचित आत जातं आणि वृषण वर उचलले जातात. त्या वेळी पोट, मांड्या, नितंब सैल हवेत आणि श्वास चालू हवा. श्वास रोखला की पोटातला दाब खाली येतो आणि सगळं उलटंच होतं. लघवी करताना धार मध्येच तोडून बघायची सवय मात्र लावून घेऊ नये. मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही.

पाच ते दहा सेकंद आवळायचं, तेवढाच वेळ सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय काही झटपट आवळणं-सोडणं, कारण शिंक काही दहा सेकंद थांबत नाही. सोडणं पूर्ण व्हायला हवं, यावर माझा फार भर आहे. सतत आवळून धरलेला स्नायू दमतो आणि ऐन वेळी दगा देतो. संध्याकाळी पॅड जास्त ओला होतो तोही दिवसभराच्या थकव्यानं. त्यामुळे संध्याकाळवरून प्रगती मोजायची नाही, असं ठरवलंय.

पाणी कमी केलेलं नाही. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं. चहा-कॉफी तेवढी आवरली आहे.

यात सुधारणा आठवड्यांच्या, महिन्यांच्या हिशेबानं होते. कुणाकुणाला वर्षही लागतं. घरी हे मोकळेपणानं सांगितल्यापासून मनावरचं ओझं कमी झालंय. पुरुष याबद्दल बोलत नाहीत आणि एकटेच कुढत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संध्याकाळी एका स्नेह्यांचा फोन होता, त्यांचं हेच ऑपरेशन व्हायचंय. त्यांना म्हटलं, व्यायाम आत्ताच शिकून घ्या, नंतर दुखत असताना स्नायू शोधत बसावं लागणार नाही. ऑपरेशननंतर कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, असेपर्यंत मात्र थांबा. तो निघाला आणि डॉक्टर हो म्हणाले की लगेच सुरू करा.