तिथीच्या पाऊणपट

आमच्या ऐरोलीच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलेले असते आणि त्यावर घरातील प्रत्येकाचा थोडाथोडा हक्क असतो. दुधाचे खाडे मी लिहिते, सिलिंडर लावल्याची तारीख नवरा लिहितो, आणि संकष्टी व एकादशीच्या चौकटींना सासूबाई जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात लाल पेनाने गोल करून ठेवतात. परवा दुपारी चहाचे आधण ठेवताना त्यांच्या एका लाल गोलाच्या पोटात पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘भ सव्वाआठ, ओ सव्वादोन’ असे लिहिलेले दिसले. अक्षर मुलीचे होते. पाने उलटून पाहिली, तर पुढचे दोन महिने तिने अशा भरती-ओहोट्यांनी भरून टाकले होते आणि एका ठिकाणी तर माझा दुधाचा खाडा खोडून त्याच्या जागी ओहोटी बसवली होती.

हे गणित तिला दिव्याच्या कोळीवाड्यातील एका आजोबांनी सांगितले. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची; जो आकडा येईल, त्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही, आणि मधल्या सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून जवळजवळ तेवढाच उशीर करते, असे त्यामागचे कारण आम्ही सर्वांनी मिळून नंतर शोधून काढले. समुद्राचे पाणी खाडीत इतके आत यायला आणखी थोडा वेळ लागतो, त्यामुळे आमच्या बाजूला हा हिशेब काहीसा मागे पडतो. पण पंचांगातल्या तिथीवरून पाण्याची वेळ सांगता येते, ही गोष्ट सासूबाईंना इतकी आवडली की इतकी वर्षे आपण एकादशी नुसतीच उपाशी राहून वाया घालवली, असे काहीसे भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटले.

या हिशेबाची गरज पडली ती फ्लेमिंगोंमुळे. ठाणे खाडीचा काही भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 साली तो जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, त्यामुळे पाहुणे हमखास विचारतात की तुमच्याकडचे फ्लेमिंगो दाखवा. पाहुण्यांना वाटते की ते हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथे दिवसभर उभे असतात. प्रत्यक्षात बोटीला पाणी लागते आणि पक्ष्यांना चिखल, आणि या दोहोंचे जमणारा वेळ दिवसात फार थोडा असतो. भरतीत चिखल बुडतो आणि पक्षी दुसरीकडे निघून जातात. पूर्ण ओहोटीत पक्षी भरपूर असतात, पण बोट तळाला टेकते. म्हणून उतरत्या पाण्याचा तेवढा मधला काळ गाठावा लागतो. एकादशीच्या दुपारी मात्र चिखल हमखास उघडा असतो, म्हणजे आजीचा उपास असतो नेमकी त्याच वेळी खाडीत पंगत बसते, याची नोंद मुलाने मोठ्या आनंदाने घेतली आणि ती दर पंधरवड्याला साबुदाणा भिजत घालताना आम्हाला पुन्हा ऐकवली जाते.

ते खातात कसे, यावर आमच्याकडे बराच काळ वाद चालला. मान खाली घालून, डोके उलटे करून चोच चिखलपाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलायचे आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत जे अडकेल ते गिळायचे. लहान जातीचा फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, मोठ्या जातीचा कोळंबीसारखे बारीक जीवही खातो, आणि त्या खाण्यातल्या रंगद्रव्यांनीच पिसे गुलाबी होतात. पिल्ले करडी असतात. मुलाने यावर विचारले की मग आपण पालक खाऊन हिरवे का होत नाही. नवऱ्याने त्यावर काहीतरी शास्त्रीय बोलायला सुरुवात केली आणि ते अर्ध्यावरच सोडून दिले. आमच्या घरातला अभ्यास बहुधा असाच होतो. कोणालाच पुरते ठाऊक नसते, त्यामुळे कोणी गुरुजी होऊन बसत नाही.

ऐरोलीच्या निसर्गकेंद्रात खारफुटीतून जाणारी लाकडी पायवाट आहे. ओहोटीच्या वेळी तिथे कठड्याला टेकून नुसते खाली पाहत उभे राहावे. चिखलातून तिवरांची श्वासमुळे वर आलेली असतात, बोटभर उंचीची, टोके किंचित बोथट, शेकडोंनी. त्या काळ्या चिखलात हवा अशी नसतेच, म्हणून झाड श्वासासाठी मुळे वर काढते. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो म्हणून लोक रुमाल लावून झपझप पुढे जातात, तोही त्या बिनहवेच्या चिखलातलाच. मुळांच्या मधून निवट्या, हा चिखलात राहणारा मासा, पोटावर घसरत येतो, थांबतो, डोळे एकेक करून आत ओढून ओले करतो आणि पुन्हा बाहेर काढतो. एक नांगी अवाढव्य आणि दुसरी नावापुरती असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी ती मोठी नांगी वरखाली करीत बसतात. ते सारे नर असतात, हे कळल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले.

तिथेच मुलाने तिवराचे पान चाटले. पानाची वरची बाजू हिरवी आणि तुकतुकीत, खालची राखाडी-पांढरी. आणि उन्हाच्या दिवशी तिरपे धरून पाहिले तर वर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. खाऱ्या पाण्यातून घेतलेले जास्तीचे मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते. ‘अरे, धुवून तरी घ्यायचे होतेस,’ असे सासूबाई म्हणाल्या, आणि धुतल्यावर चाटायला काय उरले असते, यावर घरी येईपर्यंत रिक्षात चर्चा चालली.

फोन समोर धरला की झाड आपले नाव सांगते, ही सोय मला मनापासून आवडत नाही. मुलगी यावरून माझ्याशी भांडते आणि तिचे म्हणणे चुकीचे आहे असेही नाही, पण मी बाबांच्या हाताखाली तयार झालेली आहे. आम्ही तेव्हा ठाण्यात नौपाड्यात राहत असू. बाबा बँकेत कारकून होते आणि त्यांना झाडांतले फारसे काही कळत नसे, मात्र रविवारी उपवनपर्यंत बसने आणि पुढे येऊरची चढण पायी, हा त्यांचा नेम होता. एखादे झाड दिसले की नाव विचारायला बंदी असे. पान कसे आहे, साल कशी आहे, खाली काय पडले आहे, हे आधी पाहून सांगायचे. मगच रानभाजीच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या वारली बायकांना नाव विचारायची परवानगी मिळे. त्या बायका हसत, कारण समोरचा गृहस्थ स्वतःच वहीत उतरवून घेत असे.

1992 च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांनी आम्हाला कारवी दाखवली. एरवी कारवी म्हणजे खरखरीत पानांची, कुडाच्या भिंतींना काठ्या पुरवणारी झुडपे. तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. त्या वर्षी मात्र अख्खा उतार जांभळा-निळा झाला होता आणि मधमाश्यांचा आवाज वाटेपर्यंत येत होता. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्या भागातली सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. वाळलेली बोंडे पुढे तडतडत फुटतात आणि पावसात नवी रोपे उगवतात, जी पुन्हा आठ वर्षे काही बोलत नाहीत. बाबांनी वहीत ‘2000’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यानंतर 2008, मग 2016. त्यांतल्या शेवटच्या बहराला ते नव्हते.

2024 साली आम्ही मुलांना घेऊन गेलो. सासूबाई बरोबर निघाल्या होत्या, पण गुडघ्यांनी चढणीला साफ नकार दिला आणि त्या खाली चहाच्या टपरीवर बसून राहिल्या. फुले तोडायला मनाई, म्हणून मुलीने जागेवर बसून एक फांदी कागदावर काढली आणि खाली येऊन आजीला दाखवली. पाकळ्यांच्या आतले केसही तिने काढले होते. सासूबाईंनी कागद चष्म्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, ‘वास कसा आहे?’ त्याचे उत्तर कोणालाच नीट देता आले नाही. मुलगा म्हणाला जरासा मधासारखा, मुलगी म्हणाली ओल्या गवतासारखा, आणि नवऱ्याला सर्दी झाली होती.

परवा त्या पेन्सिलीच्या भरत्या पाहून झाल्यावर चहा पिताना हाच विषय पुन्हा निघाला. मुलगी सांगत होती की कॅलेंडर दर वर्षी नवे येते, पण कारवीचे पुढचे पान 2032 मध्ये उलटेल, आणि तेव्हा ती कॉलेजात असेल. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. त्या तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या असतील. गुडघ्यांचे ऑपरेशन डॉक्टरांनी कधीचे सुचवले आहे आणि त्या कधीच्या ते टाळत आल्या आहेत. आता या वयात कशाला, हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यांनी बशीत चहा ओतला, तो प्यायल्या, बशी खाली ठेवली आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, ‘डॉक्टरांची वेळ घे. पोरांच्या परीक्षा होऊ देत, मग करून टाकू.’

एप्रिलमधली तारीख मिळाली आहे. आधी उजवा, डाव्याचे पुढे पाहू.