दुसऱ्याने बांधलेला घास

शनिवार, रात्री उशिरा

आज तोक्योतल्या र्‍योगोकूला सुशी खाल्ली. फिरत्या पट्ट्यावरची नव्हे, काउंटरवरची. जेमतेम आठ खुर्च्या, मेनूकार्ड नाही, भिंतीवर आजच्या माशांच्या नावांच्या लाकडी पाट्या. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी लवकरच निवृत्त होतायत. त्याआधी मला इथे आणायचंच, हा त्यांचा हट्ट.

जेवणाआधी त्यांनी मला पालिकेने लावलेली एक माहितीची पाटी दाखवायला नेलं. १८२०च्या दशकात हानाया योहेई नावाच्या माणसाचं सुशीचं दुकान तिथे होतं, आणि हातावर दाबून केलेली निगिरी (भाताच्या घासावर माशाचा तुकडा) त्यानेच रूढ केली असं मानतात. त्या काळी निगिरी म्हणजे रस्त्यावरचं खाणं. गाडीपाशी उभं राहून खायचं, पैसे टाकायचे, चालू पडायचं. आज हिनोकीच्या (जपानी सायप्रस लाकडाच्या) गुळगुळीत फळीसमोर माणसं परीक्षेला बसल्यासारखी बसतात, त्या पदार्थाचं मूळ हे! ऐकून माझे खांदे जरा सैल झाले.

पण त्या गाडीवरची सुशी आजच्या दुप्पट-तिप्पट मोठी असायची. ती एका घासाची कशी झाली, ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. १९४७ मध्ये धान्यटंचाईपायी सरकारने खानावळी बंद केल्या. तोक्योतल्या सुशीवाल्यांनी तोड काढली. गिऱ्हाइकाने घरून एक ‘गो’, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम, तांदूळ आणायचा आणि सुशीवाल्याने मजुरी घेऊन त्याच्या दहा सुश्या करून द्यायच्या. खानावळ नाहीच, पिठाच्या गिरणीसारखं काम. आजचा आकार तिथून पक्का झाला म्हणतात. मी इतकी वर्षं याला जपानी सौंदर्यदृष्टी वगैरे समजत होतो. निघाला रेशनचा हिशोब.

आधी कोहादा आला. चांदीसारख्या सालीचा, काटेरी जातीचा छोटा मासा. मीठ लावून, मग व्हिनेगरमध्ये मुरवलेला. किती वेळ मीठ आणि किती वेळ आंबट, यावर दुकानाची पारख होते म्हणे. मग सोयासॉसमध्ये मुरवलेला ट्यूना. बर्फ नव्हता तेव्हाची ही टिकवण्याची रीत, आता चवीसाठी चालू आहे. भात मात्र मला सगळ्यात आवडला. दारूच्या चोथ्यापासून केलेल्या लाल व्हिनेगरमुळे किंचित तांबूस, आणि कोमट. बोटांनी उचलेपर्यंत धरून राहतो, जिभेवर ठेवला की दाणा न् दाणा सुटतो. वासाबी आत लावलेली, सोयासॉस वरून ब्रशने फिरवलेला. आपण वेगळं काही करायचं नाही. फोटो काढत बसायचं नाही, हेही त्यात आलंच.

मजा पुढे झाली. मी डावखुरा, चॉपस्टिक डाव्या हातात धरतो. पण बोटांनी जेवायचं म्हटलं की हात आपोआप उजवाच पुढे येतो. लहानपणी आजीने डाव्या हातावर मारलेल्या चापट्या फुकट गेल्या नाहीत. पहिल्या काही सुश्या ताइशोंनी (काउंटरमागच्या मुख्य सुशीवाल्यांनी) डाव्या हाताला सोयीच्या पडतील अशा तिरक्या ठेवल्या होत्या. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी चॉपस्टिक खाली ठेवून बोटांनी खायला लागलो, आणि पुढची सुशी त्यांनी उलट्या बाजूला तिरकी ठेवली. एक शब्द नाही, वर पाहणं नाही. शेजारी बघतो तर सहकाऱ्यांच्या सुशीतला भातही हळूहळू कमी होत चाललेला. त्यांचं वय, त्यांचं पोट, सगळं त्या माणसाने मोजलेलं!

आता खरं लिहायचं तर मला हे आवडलंही आणि थोडं जाचलंही. आपण ताटावर बसून आपला घास आपण जुळवतो. आमटी किती, भात किती, लोणच्याचं बोट कधी, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक घास वेगळा पडतो, कधी फसतोही. इथे दुसऱ्याने बांधलेला घास, ठेवल्या क्षणी, अख्खा तोंडात. तोडायचा नाही. त्या क्षणी तो बरोबरच असतो, वादच नाही. तरी आनागो खाताना (समुद्री वाम, शिजवून वर गोडसर दाट रस फासलेली) मला जोरात वाटलं, यावर लिंबू पिळावं. बोललो नाही. रोज असं जेवायला मला जमणार नाही. वर्षातून एकदा मात्र कोणाच्या तरी हाती स्वतःला सोपवायला हरकत नाही, बिल सहकाऱ्यांनी भरलेलं असल्यास तर नाहीच नाही.

शेवटी आला कान्प्यो-माकी: तपकिरी पट्ट्यांचा, नोरीत (समुद्री शेवाळाच्या पातळ कागदात) गुंडाळलेला बारीक रोल. सोयासॉस-साखरेत शिजवलेल्या या पट्ट्या कसल्या, म्हणून विचारलं, तर दुधीच्याच जातीच्या फळाच्या! सोलून लांब फिती काढायच्या आणि वाळवायच्या. जपानात पिकणारा जवळजवळ सगळा कान्प्यो तोचिगी जिल्ह्यातून येतो. बायको मासे खात नाही म्हणून अशा दुकानांत कधी येतच नाही. ताइशोंना विचारलं, तर फितीही माशाच्या अर्कातच शिजवलेल्या आणि अंड्याच्या जाड पोळीतही कोळंबी वाटून घातलेली. पण चार दिवस आधी फोन केलात तर फिती वेगळ्या शिजवीन, काकडीचा रोल करीन, म्हणाले. सकाळी तिला विचारतो. दुधी म्हटल्यावर नाक मुरडेल बहुतेक.