जंगलात झाडं लावायला गेलो होतो

रविवार, रात्री साडेदहा

दोनदा पाय धुतले तरी नखातला चिखल जाईना. बेळगावच्या वडगाव शिवाराची काळी माती, चिकटली की चिकटली. लाइट मघापासून ये-जा करतीय, झोप काय येत नाही, म्हणून बसलोय लिहायला.

सुरुवात खरं तर 5 जूनलाच झाली. पर्यावरण दिन. आमच्या ग्रुपनं मिनीबस ठरवली आणि आम्ही जांबोटीच्या पुढं झाडं लावायला गेलो. टी-शर्ट छापलेले, बॅनर मराठीत आणि कन्नडमध्ये, उप्पीट-शिऱ्याचा नाश्ता, सगळं झकास. जांभूळ लावली, हिरडा लावला, फोटो काढले. तिथनं पुढं कणकुंबीला जाऊन आलो. मलप्रभेचा उगम तिथला, 304 किलोमीटर वाहत जाऊन ती कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि त्याच डोंगरांतनं देगावकडं म्हादई निघते ती उलटी पश्चिमेला, गोव्यात जाऊन मांडवी होते. म्हणजे एकाच डोंगरावरचा पाऊस, थोडा बंगालच्या उपसागरात आणि थोडा अरबी समुद्रात. हे मी बसमध्ये माइक घेऊन सगळ्यांना सांगितलं. भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, एकशे नव्वद चौरस किलोमीटर आहे, तिथल्या बारापेडेच्या गुहेतल्या एका दुर्मिळ वटवाघळाची शास्त्रज्ञांनी 1913 साली पहिल्यांदा नोंद केली आणि कितीतरी वर्षं जगात तेवढी एकच जागा माहीत होती, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, हे पण सांगितलं. टाळ्या पडल्या. मला असलं सांगायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी घरी आलो तर आप्पा कट्ट्यावर बसलेले.

"कुठं गेलतास?"

"जांबोटीकडं, झाडं लावायला."

"जंगलात?"

"हां."

"तिथं हाईत की रे आधीच."

एवढंच बोलले आणि तंबाखू मळायला लागले. मी हसून विषय सोडला पण ते डोक्यातनं जाईना, कारण बरोबरच होतं ना ते. पाऊण-एक तास बसमधनं जाऊन आम्ही जंगलाला झाडं देऊन आलो आणि आमच्या गल्लीच्या टोकाला जे शिवार सुरू होतं तिकडं ग्रुपमधला एकजण पण कधी फिरकलेला नाही, मी धरून. म्हणजे मी फिरकतो, पण आप्पांचा डबा द्यायला.

मग मीटिंगमध्ये मीच विषय काढला, की वनमहोत्सवाच्या निमित्तानं या वेळी शिवारातच फेरी काढूया, पक्षी बघू, बांध बघू. एक मॅडम म्हणाल्या, इथं बघायला काय आहे? प्रश्न रास्त होता, मला पण उत्तर सुचलं नाही. वीस नावं आली. आज सकाळी साडेसहाला पाऊस बघून नऊजण उगवले, त्यात तीन आमच्याच गल्लीतली पोरं, ती फुकट नाश्त्याला आलेली.

गाइड म्हणून आप्पा. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात खुरपं. म्हटलं खुरपं कशाला, तर म्हणाले मोकळ्या हातानं शिवारात जायला लाज वाटते.

आमच्याकडं भात धूळवाफ पेरतात, म्हणजे मृगाच्या आधी कोरड्या मातीत कुरीनं पेरायचं आणि मग पावसाची वाट बघायची. आता गुडघ्याएवढं झालंय. पहिल्या बांधावरच गायबगळे होते, डोक्या-मानेवर बदामी रंग चढलेला. विणीच्या दिवसांत तसा चढतो, एरवी पांढरेफेक असतात. ग्रुपमधला एक मित्र कन्नड बोलणारा, तो म्हणाला बेळ्ळक्की. आप्पा म्हणाले हां, बेळ्ळक्की, आणि दोघंजण पुढं जे कन्नडमध्ये सुरू झाले ते आमच्याकडं बघेनातच. आप्पांना इतकं कन्नड येतं हे मला आज कळलं, पस्तीस वर्षं झाली घरात राहतोय. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबत होती, तो म्हणाला गीजग. काही घरटी अर्धवटच, नुसती रिंगणासारखी. नर बांधतो आणि मादी येऊन बघून पसंत करते, पसंत नसेल तर तो ते तसंच सोडून दुसरं बांधायला घेतो. त्या मॅडमना हे फार आवडलं, नवऱ्याला फोन लावूनच सांगितलं त्यांनी.

भाताच्या पातीच्या चिरफळ्या काढून ती घरटी विणतात, आप्पांनी एक पात उचलून दाखवली, कडेनं दोऱ्यासारखी फाडलेली. "आमचंच भात नेऊन घर बांधतंय, भाडं न्हाई देत," म्हणाले. पोरं हसली.

टिटवी ओरडून ओरडून डोकं खायला लागली तेव्हा ते म्हणाले अंडी असणार, बाजूनं चला. टिटवीनं उंच जागी अंडी घातली की पाऊस जास्त, असं जुनी माणसं म्हणतात. खरं किती माहीत नाही पण आप्पा ते बघूनच ठेवतात. पाणी साचलेल्या वाफ्यात पिवळेधमक बेडूक, एकजण म्हणाला प्लास्टिकचे आहेत काय. नर असतो तो, विणीच्या दिवसांत पिवळा होतो. याच्या तंगड्या पूर्वी आपल्या देशातनं परदेशात जायच्या, 1987 साली निर्यात बंद झाली. हे मी सांगितलं. आप्पा म्हणाले, बरं झालं की, हा किडी खातो, औषधाचे पैसे वाचतात.

पुढं नाल्याकडं गेलो. बळ्ळारी नाला. लांबनं हिरवागार दिसतो म्हणून पोरं खूश झाली, जवळ गेल्यावर कळलं ती जलपर्णी आहे, आणि वास. शहराचं सांडपाणी यात येतं, पुढं हा मार्कंडेयला मिळतो, ती घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. म्हणजे कणकुंबीचं ते स्वच्छ पाणी आणि आमच्या बाथरूमचं पाणी शेवटी कृष्णेतच एकत्र येतं, हे मला आज नाल्यावर उभं राहून सुचलं, बसमध्ये माइकवर बोलताना नव्हतं सुचलं. जोराचा पाऊस झाला की नाला तुंबतो आणि शिवारात पसरतो, चार-सहा दिवस पीक पाण्याखाली राहिलं की कुजतं, मग दुबार पेरणी. पाण्याला पसरायला पूर्वी शिवार होतं, आता निम्म्या ठिकाणी मुरूम. 2019 च्या ऑगस्टात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं होतं तेव्हा सगळे म्हणत होते असा पाऊस कधी बघितला नाही. पाऊस होताच, पण मुरुमाचं नाव कोण काढत नव्हतं.

हलगा-मच्छे बायपास रस्त्याला शेतं जायची वेळ आली तेव्हा शेतकरी कोर्टात गेले, वर्षानुवर्षं भांडले, ते दिसतं तरी. गुंठ्या-गुंठ्यानं जे जातं ते दिसत नाही. एक ट्रॅक्टर येतो, दोन ट्रॉल्या ओततो, महिन्यानं चार दगड उभे राहतात, त्यांना पांढरा रंग. तीस बाय चाळीसचा प्लॉट.

तसल्याच एका जागेपाशी आलो आणि आप्पांनी चालायचा वेग वाढवला. मागनं मॅडमनी विचारलं, हे कुणाचं हो? कुणी विकलं असेल एवढं चांगलं रान?

आप्पा पुढं निघून गेलेले. मी म्हटलं, आमचंच.

बावीस गुंठ्यांतले अकरा. 2016 ला. ताईचं लग्न, वरचा मजला आणि माझी गाडी. ती गाडी घेऊनच मी ग्रुपच्या सगळ्या कार्यक्रमांना जातो. तिथं बासमती असायची, दिवाळीच्या आसपास त्या बांधावर उभं राहिलं की घरात भात शिजतोय असाच वास, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर, एक थेंब पाणी न देता. विकायच्या वेळी आप्पांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, द्या की, परवडतंय कुठं.

कुणी काही बोललं नाही. पोरांतला एकजण त्या पांढऱ्या दगडावर चढून सेल्फी काढत होता, त्याला खाली उतरवलं.

उरलेल्या अकरा गुंठ्यांच्या कडेला नाश्ता झाला, आईनं उप्पीट दिलं होतं. आप्पा खायला बसलेच नाहीत, वाकून तण काढत राहिले. धूळवाफेच्या भाताला तण फार, आणि भांगलायला बायका मिळत नाहीत आता, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही. मित्र जाऊन त्यांच्या शेजारी बसला, तण कुठलं आणि भात कुठलं ते विचारायला. पहिल्या झटक्यात त्यानं भातच उपटलं. आप्पा कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले, तो खो खो हसला. काय म्हणाले ते दोघांनी पण सांगितलं नाही.

रात्री जेवताना आप्पांनी विचारलं, "ती लोकं परत कधी येणार?"

म्हटलं बघू, का?

"न्हाई, अजून सहा-सात वाफे राहिल्यात."

मी ग्रुपवर टाकलंय, पुढच्या रविवारी भांगलण, सकाळी सात, खुरपी आमच्याकडं आहेत. आत्तापर्यंत तीन अंगठे आलेत, आणि मॅडमनी विचारलंय ग्लोव्ह्ज घालून चालतं काय.