म्हशीक काय झाला?

आज तिन्हीसांजेला सर्पंट, मी घरी घडवलेलं फुंकायचं वाद्य, पहिल्यांदा वाजला. वाजला असं मी म्हणतो. शेजारची वहिनी पदर खोचून धावत आली ती "भावजी, म्हशीक काय झाला?" असं विचारत.

हसायची गोष्ट होती. हसलोही. पण तेव्हापासून काहीतरी सलतंय, आणि ते वहिनीचं नाही.

दीड वर्ष गेलं यात. फ्रान्समधल्या चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या खर्जाला आधार द्यायला हे वाद्य असायचं, बहुतेक अक्रोडाचं. आमच्याकडे अक्रोड दिवाळीत डब्यात येतो, म्हणून फणस. आठ फुटांची नळी, तोंडाशी बारीक आणि पुढे रुंद होत जाणारी. सरळ ठेवली तर हात भोकांपर्यंत पोचायचे नाहीत, म्हणून सापासारखी वळवलेली. दोन अर्धुकं कोरायची, सरसाने जोडायची, वरून कातडं. पावसात सरस सुकता सुकेना, कातड्याला बुरशी. दोनदा सांधा उकलला. दुसऱ्यांदा उकलला तेव्हा दादा म्हणाला ते... जाऊ दे.

भोकं सहाच. ती सुराला हवीत तिथे नसतात, बोटं पोचतात तिथे असतात. उरलेलं ओठांनी सावरून घ्यायचं. वाचलं तेव्हा हे फार आवडलं होतं. आज ओठांना सावरलं नाही.

पण आई. वहिनी यायच्या आधी आई उठली होती. ओटीवर माझ्याकडे आलीच नाही. मागल्या दाराने थेट गोठ्यात. गोठा तीन वर्षं रिकामा आहे. तिथे माझी फळकुटं आणि सरसाचं भांडं. तिला ठाऊक नाही असं थोडंच, रोज झाडते ती. तरी गेली. चार पावलं अंधारात जाऊन उभी राहिली आणि परतली. मी विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. विकली तेव्हाही नव्हती बोलली. व्यवहार मी केला होता, तिचे गुडघे, वैरण, सगळं बरोबरच होतं. मग आज ती गेली का? सवयीने गेली असेल. सवयीने माणूस इतक्या घाईत जातो का?

दीड वर्ष राबून मी नेमका तोच आवाज काढावा.

चार्ल्स बर्नी नावाचा अठराव्या शतकातला इंग्रज संगीत-इतिहासकार. त्याला सर्पंट ऐकून एसेक्समधलं भुकेलं, किंबहुना चिडलेलं वासरू आठवलं होतं. म्हणजे साहेबाचं वासरू, आमची पुरती वाढलेली म्हैस, प्रगतीच म्हणायची. आणि फुंकायची वाटी हस्तिदंताची कुठून आणणार? कातारीकडून म्हशीच्या शिंगाचीच करून घेतली. त्यातून काय कोकिळा बोलणार होती! पुढे १८३५ मध्ये बर्लिनमध्ये ट्यूबा नावाचं पितळी वाद्य निघालं आणि हळूहळू हे धूड अडगळीत गेलं, त्यात त्या लोकांचं फार चुकलं असं आज तरी म्हणवत नाही.

जेवताना आईने आमटी वाढली. मी खाली मान घालून भात कालवत होतो.

"उद्या फुकतलंस तर आधी सांग," ती म्हणाली. "दूध उतू गेला."

पिशवीचं. अर्धा लिटर.