वरकड मूल्य आणि धोट्यातला धागा

‘वरकड मूल्य’, म्हणजे कामगार आपल्या पगाराहून जास्त निर्माण करतो आणि मालकाच्या खिशात जातं ते मूल्य, मला पुस्तकाआधी आजोबांकडून कळलं. ते लालबागच्या एका गिरणीत साचे (कापड विणायचे माग) चालवायचे. म्हणायचे, “पगाराइतकं काम दुपारपर्यंतच होतं, पुढचं सगळं शेठचं!” मार्क्सचा हिशेब इतका सरळ नाही, पण मुद्दा तोच.

मात्र मालक-कामगार हा वर्गभेद सांगितला की सगळं उलगडतं, हे मला पटत नाही. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. आणि पगार तिथेच जास्त! १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हे रोखठोक मांडलं, तेव्हा कुठे संपाच्या पुढाऱ्यांनी (खळखळ करतच) विणकाम खातं त्यांना खुलं करण्याची मागणी यादीत घेतली. मालकांनी हात झटकले: हा अन्याय आमचा नव्हेच. अडवणारे सवर्ण कामगारच होते, त्यामुळे मालकांना ते सोपंच गेलं.