सगळं ऑनलाइन आहे ना, मग दारोदार कशाला?

मी एलआयसीचा एजंट, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा प्रश्न मी हसून सोडून देतो. विचारणारा पण बहुतेक ठरलेला असतो, अमळनेर-पारोळ्याकडच्या कुठल्यातरी गावातल्या घरचा पोरगा, आता पुण्याला नाहीतर सुरतेला नोकरीला. वडिलांच्या पॉलिसीला मोबाइल नंबर याचा दिलेला, त्यामुळे इकडे हप्ता भरला की मेसेज तिकडे वाजतो आणि पाच मिनिटात मला फोन, काका, आता ॲपवर भरता येतं ना, मग तुम्ही अजून घरोघरी का फिरता?

आधी पैशाचं सांगून टाकतो, कारण समाजसेवा करतो असं म्हटलं तर तुम्हीच हसाल. माझ्याकडच्या जुन्या पॉलिस्यांवर हप्त्याच्या ५ टक्के कमिशन मिळतं. वर्षाला सहा हजाराचा हप्ता असेल तर तीनशे रुपये, त्यात दोन फेऱ्यांचं पेट्रोल गेलं की उरलं किती तुम्हीच बघा. पण पॉलिसी बंद पडली तर तेवढंही बंद. त्यामुळे ती चालू राहण्यात तुमच्या वडिलांचा फायदा आहे तसा माझाही आहे, लपवायचं काय त्यात.

आता खरं कारण. आमच्याकडे पैसा तारखेला येत नाही, कापसाला येतो. दसरा झाला की वेचणी जोरात, मग खेड्यात खरेदी करणारा व्यापारी दारात काटा घेऊन येतो, माप झालं की बरेचदा रोख पैसे हातात. त्या रोख पैशाला गावात पाय फुटतात, आधी कृषी केंद्रवाल्याची खता-बियाण्याची उधारी, मग मजुरी, मग कोणाच्या तरी लग्नातला आहेर, आणि विम्याचा नंबर सगळ्यात शेवटी. मी त्या आठवड्यात दारात उभा नसलो तर हप्ता गेलाच समजा. जून-जुलैत गेलो तर ओट्यावरूनच ऐकू येतं, "बठ भाऊ, च्या पी ले, पन पैसा कापूस इकाई गया का देसू." म्हणजे कापूस विकला गेला की देईन. चहा प्यायचा, उठायचं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचं गणित वेगळं आहे, तिथे मला फारसं फिरावं लागत नाही, पण कोरडवाहू कपाशीवाल्याला ॲपचं रिमाइंडर पाठवून काय होणार हो, त्याला आठवण नाही पैसा हवा असतो.

आणि यात आम्हा एजंट लोकांची पण करामत आहे, ती सांगायलाच पाहिजे. आमचं टार्गेटचं वर्ष मार्चला संपतं, नोकरदारांची टॅक्सची घाई पण तेव्हाच, त्यामुळे मार्चमधे पॉलिस्यांचा पाऊस पडतो. नोकरदाराला चालतं ते. पण तीच मार्चची पॉलिसी शेतकऱ्याच्या गळ्यात सहामाही हप्त्यावर मारली की दुसरा हप्ता येतो सप्टेंबरला, म्हणजे कपाशी अजून शेतात, फवारणीचे पैसे उधार आणि खिसा पार रिकामा. मग पॉलिसी लॅप्स होते आणि लोक म्हणतात खेड्यातल्या माणसाला विम्याचं महत्त्व कळत नाही. महत्त्व कळतं, तारीख चुकीची असते! मी शक्यतो वार्षिक हप्ता आणि डिसेंबर अखेरची तारीख धरतो. वार्षिक, सहामाही, तिमाहीला तारखेनंतर भरायला तीस दिवसांची सवलत असते, मासिकाला पंधराच, त्यामुळे डिसेंबरचा हप्ता जानेवारीत संक्रांतीच्या पुढे पण सरकतो आणि तोपर्यंत संरक्षण चालू राहतं. तरी राहिलाच तर पाच वर्षांच्या आत पॉलिसी परत चालू करता येते, फक्त मग व्याज लागतं, तब्येतीचं डिक्लेरेशन लागतं, आणि तोवर शुगर निघाली असली तर वांधेच.

तुमच्या प्रश्नात अजून एक प्रश्न लपलेला असतो, तो तोंडावर कोणी विचारत नाही, की काका, पैसे तुम्ही खरंच भरता ना? विचारा हो, राग नाही. उलट वडिलांना पण शिकवा विचारायला. कारण एजंटच्या बॅगेत पडलेला पैसा म्हणजे भरलेला हप्ता नव्हे. १९७२ च्या एजंट लोकांच्या नियमात एलआयसीच्या वतीने पैसे घ्यायचा अधिकारच एजंटला दिलेला नव्हता, आम्ही घेतो तेव्हा तुमचा माणूस म्हणून घेतो. सुप्रीम कोर्टाचा १९९७ चा निकाल आहे यावर. एजंटने विमेदाराकडून हप्त्याचा चेक घेतला, तो वटवून पण घेतला आणि ऑफिसात भरायचा ठेवून दिला. मधल्या काळात विमेदार अपघातात गेला, हप्ता भरला गेला तो त्यानंतर. कोर्टाने सांगितलं, एजंटला दिलं म्हणजे एलआयसीला दिलं असं होत नाही. १९३८ च्या विमा कायद्यात पण आहे की कंपनीच्या वतीने एजंटने हप्ता घेतला तर सुट्ट्या सोडून चोवीस तासाच्या आत पूर्ण भरायचा, आपलं कमिशन कापून नाही. पण आमच्यातले काही महाभाग चार गावचे हप्ते गोळा करून आठ-आठ दिवस फिरवतात, मधे स्वतःची अडचण भागवून घेतात. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणून चालतंय.

मी काय करतो ते सांगतो. ओट्यावर बसलो, वडिलांनी घडी केलेल्या नोटा दिल्या, मोजल्या, की तिथल्या तिथे माझ्या मोबाइलवरून त्यांच्या पॉलिसी नंबरवर हप्ता भरतो. रेंज नसली तर गच्चीवर जातो. एका घरी तर गोठ्याच्या मागच्या उकिरड्याजवळच रेंज येते, तिथे उभं राहून मी आत्तापर्यंत किती हजार भरलेत काय सांगू. पैसे पोचल्याचं दिसलं की पावती नंबर कालनिर्णयाच्या त्या महिन्याच्या पानामागे लिहितो, वडिलांना वाचून दाखवतो, मगच उठतो. म्हणजे तुम्ही म्हणता ते ऑनलाइन मी पण करतोच, फक्त त्यांच्या दारात बसून.

दारात जायचं अजून एक कारण आमच्या जिल्ह्याचंच आहे. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या ते तुम्ही लहान असाल तेव्हा ऐकलं असेल घरात. रोज बचतीचे पैसे गोळा करायला पिग्मीवाला यायचा, ओळखीचा, गोड बोलणारा, पुस्तकात आकडा लिहून द्यायचा, आकडा खरा होता, पैसे मात्र अडकले. लोक त्याच्याच दारात जाऊन उभे राहिले, संचालक कुठे सापडणार त्यांना. त्यामुळे आजही म्हातारी माणसं मला विचारतात, भाऊ, हे पण बुडेल का? त्यांना सांगावं लागतं की १९५६ चा एलआयसीचा कायदा आहे, त्याच्या ३७ व्या कलमात पॉलिसीच्या रकमेला आणि जाहीर झालेल्या बोनसला केंद्र सरकारची हमी आहे. हे ॲपवर असेल पण कुठेतरी, पण त्यांना ते माणसाच्या तोंडून ऐकायचं असतं आणि दरवर्षी नव्याने ऐकायचं असतं.

पहिला हप्ता तुम्हीच भरा ना काका, हे पण दारातच ऐकायला मिळतं. शेजारच्या गावचा एजंट भरतो म्हणे. भरत असेल, कमिशनमधून सूट देणं १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ खाली गुन्हा आहे, दहा लाखापर्यंत दंड, आणि हे प्रपोजल फॉर्मवरच छापलेलं असतं. वाचतं कोण!

आता बॉन्डचं, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदाचं. तो धान्याच्या कोठीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबारा आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मधे असतो. दाखल्यावर जन्मतारीख बरेचदा १ जून, कारण हेडमास्तरने टाकली, आमचं निम्मं गाव एकाच दिवशी जन्मलंय. वर्षाकाठी एकदा मी तो काढायला लावतो आणि नॉमिनीची ओळ वाचतो. पॉलिसी लग्नाआधी घेतलेली असली तर नॉमिनी आई. लग्न होऊन वीस वर्षं झाली, आई वारली, तरी कागदावर आईच. किंवा बायकोचं नाव आहे पण माहेरचं, आधारवर लग्नानंतर बदललेलं, आणि दोन्ही एकाच बाईची नावं आहेत हे सिद्ध करायला ती बाई दुःखात असताना तिला तहसीलला फिरवायचं. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला गेलेला माणूस मोटारीच्या शॉकने गेला तर एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट एवढं क्लेमला आधीच लागतं, त्यात नावाचा घोळ नको. ऑनलाइन हप्ता वर्षानुवर्षं बिनबोभाट भरला जातो आणि ही ओळ कोणी उघडूनही बघत नाही, पोरगाही नाही.

तेव्हा तुम्ही खुशाल ॲपवरून भरा, मला आनंदच आहे, फक्त वडिलांना सांगून भरा, नाहीतर इकडे ते मला पैसे देतात, तिकडे तुम्ही भरलेलं असतं. तुमच्या घरच्या दोन पॉलिस्यांपैकी जुन्यात नॉमिनी अजून आजीच आहे. बदलायचा फॉर्म माझ्या बॅगेत पडून आहे, त्यावर सही वडिलांची लागते, तुमची चालत नाही, म्हणून बुधवारी बाजाराच्या दिवशी मी तुमच्याकडे चाललोय. आईचं आधार तेवढं काढून ठेवायला सांगा.