आईच्या आलेखात 'ए' नव्हता

मुलगा नऊ वर्षांचा, वर्षातून तीन-तीनदा हाडं ठणकून ॲडमिट होणारा. सिकलसेलचा रुग्ण, एसएस: आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेल्या 'एस' हिमोग्लोबिनचं जनुक आलेलं. आईवडिलांचं रक्त आलं तेव्हा दोघंही एएस, म्हणजे एक जनुक नेहमीच्या 'ए'चं आणि एक 'एस'चं असलेले वाहक, निघणार, हे मी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनला ट्यूब लावायच्या आधीच धरून चालले होते.

बापाचा आलेख तसाच आला. आईच्यात मात्र 'ए'चा उंचवटाच नाही. साडेचार मिनिटांच्या आसपास 'एस'चा डोंगर, आणि अगदी सुरुवातीला 'एफ', म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, २६ टक्के! मोठ्या माणसात ते जेमतेम एक टक्का असतं. ट्यूब माझ्याच हातून बदलली असणार. पुन्हा रक्त घेतलं, लेबल समोर उभं राहून चिकटवलं. आकडे तेच. म्हणजे आईही एसएस.

बाई गडचिरोलीकडच्या, धानाच्या रोवणीला जाणाऱ्या. रक्त कधी चढवलं का, विचारलं.

"नाही जी. दोन बाळंतपणं झाली, सलाईनबी नाही लागली. पावसात गुडघे दुखते, तेवढंच."

डॉक्टर सरांनी पोट तपासलं. पानथरी (प्लीहा) हाताला लागत होती. मग आम्हाला समजावलं. आपल्याकडच्या सिकलसेलसोबत बहुधा अरब-इंडियन हॅप्लोटाइप, म्हणजे एकत्रच वारशाने येणाऱ्या जवळजवळच्या जनुकीय बदलांचा संच, येतो. त्यात 'एफ' बनवणाऱ्या गॅमा जनुकाजवळ एक्सएमएन-१ नावाचा एका अक्षराचा बदल असतो, त्यामुळे 'एफ' पुरतं बंद होत नाही. आणि 'एफ' असलं की 'एस'च्या लांब काड्या जुळत नाहीत, पेशी वाकत नाही.

मग पोराचं एफ ११ टक्केच का? एक्सएमएन-१ तर 'एस'ला चिकटूनच, ११ व्या गुणसूत्रावरून, त्यालाही आलं असणार. सर म्हणाले, 'एफ' बंद ठेवणारं बीसीएल११ए हे जनुक क्रमांक दोनच्या गुणसूत्रावर, 'एफ'वर परिणाम करणारा एचबीएस१एल-एमवायबी हा भाग क्रमांक सहाच्या. त्यांची वाटणी वेगळी होते. तपासायची सोय आमच्याकडे नाही, तेव्हा हा अंदाजच. (आमच्या डीएमएलटीत, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमात, यातलं अक्षरही नव्हतं.)

पोराला हायड्रॉक्सीयुरिया सुरू करायचं ठरलं. या गोळीने एफ वाढतं, असं सरांनी सांगितलं.

"म्हणजे माह्या रक्तात हाय तेच?" बाईंनी विचारलं. "मग माह्यातलंच काढून द्या ना त्याले."

तसं देता येत नाही, हे सांगायला सरांना बराच वेळ लागला.

मोठ्या मुलीला बुधवारी आणायला सांगितलंय. आई एसएस म्हटल्यावर ती निदान एएस तरी असणारच.